लसीचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या यंत्रणेवर भरवसा किती ठेवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या आरोग्य केंद्रांत लस टोचण्यात माझी बावीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर प्रश्न कमी होतील असं वाटलं होतं, पण ते वाढलेच. दांडिया बाजारात भाजी घेताना कोणी थांबवतं, हळदीकुंकवात कोणी नातीचं कार्ड पुढे करतं, फोनवर तर रोजच कोणीतरी आलेला मेसेज पुढे पाठवून ‘हे खरं का?’ विचारतं. तेच प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. बाळाला आत्ता श्वास लागत असेल, अंगावर भराभर गांधी उठत असतील किंवा झटके येत असतील, तर हे वाचत बसू नका, १०८ लावा.

१. लसीनंतर काही झालं तर ते लिहून घेणारी यंत्रणा आपल्याकडे खरोखर आहे का?

आहे, आणि एक नाही, दोन आहेत. पहिली लसीकरण कार्यक्रमाची स्वतःची. तिला एईएफआय म्हणतात, म्हणजे लसीकरणानंतर घडलेली अनिष्ट घटना. ती १९८८ पासून चालू आहे. नर्सबाई किंवा डॉक्टर आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवतात, तिथून नोंद जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्याकडे जाते (गुजरातेत हे काम प्रजनन व बाल आरोग्य अधिकारी, म्हणजे आरसीएचओ, पाहतात), आणि पुढे राज्य व केंद्राकडे. आता हे सेफव्हॅक नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून होतं.

दुसरी सगळ्याच औषधांसाठी आहे, पीव्हीपीआय, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम. ती २०१० मध्ये सुरू झाली. तिचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. तिथे रुग्ण स्वतः कळवू शकतो (प्रश्न ८ पाहा). जगभरच्या अशा नोंदी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्रात एकत्र होतात. भारतही त्यात आहे.

२. नोंद झाली म्हणजे लसीमुळेच झालं, हे सिद्ध झालं ना?

नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. एईएफआयची व्याख्याच सांगते की लसीनंतर घडलेली कोणतीही अनिष्ट घटना नोंदवायची, तिचा लसीशी संबंध असेलच असं नाही. पोलीस ठाण्यात एफआयआर लिहिली म्हणजे खटल्याचा निकाल लागत नाही, तसंच हे आहे. तपास त्यानंतर सुरू होतो.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. लसीकरणात ही गाठ पडणारच असते, कारण बाळाच्या पहिल्या वर्षात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना लस असते, मग नवव्या महिन्यात असते. ताप, जुलाब, आकडी, आणि दुर्दैवाने अचानक मृत्यूही याच वयात होतात. लस अजिबात दिली नसती तरी त्यातल्या काही घटना त्याच आठवड्यात घडल्या असत्या. म्हणून नोंदी तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीपुढचा प्रश्न ‘लसीनंतर झालं का?’ हा नसतो. ‘एरवी जेवढं होतं त्यापेक्षा जास्त झालं का?’ हा असतो.

३. कोणीही काहीही लिहू शकतं, मग अशा यादीला अर्थ काय?

अमेरिकेच्या व्हेअर्स या यंत्रणेबद्दल हे नेहमी विचारलं जातं. ती १९९० पासून आहे आणि तिथे खरोखर कोणीही नोंद करू शकतं. एका भूलतज्ज्ञाने मुद्दाम लिहून पाहिलं होतं की लसीने माझं रूपांतर हल्कमध्ये, म्हणजे कॉमिकमधल्या हिरव्या राक्षसात झालं. नोंद स्वीकारली गेली. पुढे यंत्रणेतल्या माणसाने त्याला फोन केला आणि त्याच्या संमतीने ती काढून टाकली.

मला यात यंत्रणेचं अपयश दिसत नाही. दार उघडं ठेवलं की काही निरर्थक नोंदी येणारच, आणि दार बंद केलं तर पहिली खरी नोंदही बाहेरच राहील. आपल्याकडे नोंद ग्राह्य धरायला चार गोष्टी लागतात: रुग्ण कोण, लस कोणती, काय झालं आणि कळवणारा कोण. तपासणारे मग एकेक किस्सा मोजत नाहीत. एका लसीनंतर एखादी विशिष्ट तक्रार इतर लसींच्या मानाने वाजवीपेक्षा जास्त येते का, ते पाहतात. एका खोट्या नोंदीने हे गणित हलत नाही. एकाच तक्रारीच्या पंधरा खऱ्या नोंदी आल्या तर मात्र हलतं. कसं, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

४. ‘शंभरात एकच घटना नोंदली जाते, म्हणून आकडा शंभराने गुणा’ असा मेसेज आलाय. बरोबर आहे का?

अर्धं वाक्य बरोबर आहे, गुणाकार चुकीचा. नोंदी कमी होतात हे निर्विवाद आहे. पण किती कमी, हे आजार किती गंभीर आहे त्यावर ठरतं. अमेरिकेत १९९५ मध्ये हे मोजून पाहिलं गेलं. तोंडावाटेच्या पोलिओ लसीमुळे होणाऱ्या पक्षाघाताच्या सुमारे ७२ टक्के घटना व्हेअर्समध्ये सापडल्या. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीनंतर अंगावर उठणाऱ्या पुरळाच्या एक टक्काही सापडल्या नाहीत. यंत्रणा एकच आणि देशही एकच.

कारण सरळ आहे. मूल लुळं पडलं तर आईबाप दहा दारं ठोठावतात. पुरळ तीन दिवसांत जातं, त्यासाठी फॉर्म कोण भरणार? म्हणून पुरळाचा गुणक मृत्यूच्या आकड्याला लावणं चूक आहे. जो मेसेज हे करतो, तो घाबरवण्यासाठी लिहिलेला असतो.

५. भारतात नोंदी कमी आहेत, म्हणजे आपल्या लसी जास्त सुरक्षित, असं म्हणावं का?

असं म्हणायची घाई करू नये. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय एईएफआय समितीने कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याबद्दल अहवाल दिला. ३ एप्रिलपर्यंत कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसींचे मिळून साडेसात कोटींवर डोस झाले होते. ७५३ पैकी ६८४ जिल्ह्यांतून २३ हजारांवर घटना कळवल्या गेल्या होत्या, त्यातल्या सुमारे ७०० गंभीर किंवा तीव्र होत्या, म्हणजे दहा लाख डोसमागे ९.३. ४९८ घटना तपासल्यावर गुठळ्यांचा संभव असलेल्या २६ निघाल्या. कोविशील्डच्या दहा लाख डोसमागे हे प्रमाण ०.६१ आलं. त्याच जातीच्या लसीसाठी ब्रिटनमध्ये ते ४ होतं, जर्मनीत १०.

दक्षिण आशियाई लोकांत अशा गुठळ्यांचं प्रमाण मुळात कमी असतं, असं समितीने म्हटलं होतं, आणि ते कारण खोटं नाही. पण २३ हजारांना साडेसात कोटींनी भागून पाहा: दहा हजार डोसमागे तीन घटना. त्या वर्षी तुमच्या घरात लस घेतल्यावर किती जणांना ताप आला, किती जणांचं अंग दुखलं, ते आठवा. त्या डोलोच्या गोळ्या कुठल्याच रजिस्टरात नाहीत. उरलेल्या ६९ जिल्ह्यांत कोणालाच काही झालं नाही, हेही मला पटत नाही. शून्य नोंदी पाठवणाऱ्या जिल्ह्याला शाबासकी देण्याची आपल्याकडची सवय मला नोकरीत सर्वांत जास्त खटकली. शून्य आलं की चौकशी व्हायला हवी. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

६. नातवाला दीड महिन्याच्या लसीनंतर ताप आला. हेही कळवायचं का?

एक-दोन दिवसांचा ताप, मांडीवर सूज, किरकिर हे पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीनंतर अपेक्षित असतं. पुढच्या ममता दिवशी (गुजरातेतला लसीकरणाचा ठरलेला दिवस) नर्सबाईंना सांगा, त्यांच्या रजिस्टरात किरकोळ घटनांची जागा असते. मात्र पुढीलपैकी काहीही झालं तर थांबू नका, त्याच दिवशी कळवा: तीन तासांवर न थांबणारं रडणं, आकडी, बाळ एकदम लुळं आणि पांढरं पडणं, टोचलेल्या जागी गळू, दवाखान्यात भरती करावं लागणं, मृत्यू. एकाच दिवशी एकाच केंद्रावरच्या दोन-तीन बाळांना सारखंच काही झालं असेल, तर ते किरकोळ वाटलं तरी कळवा. त्याचं कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

बीसीजी या क्षयावरच्या लसीची दंडावरची पुळी पिकून खूण राहते, ते बरोबरच आहे. आजीच्या दंडावर देवी काढल्याची खूण असते, तशीच ही नातवाची.

७. कळवताना नेमकं काय लागतं?

बॅच नंबर. नाव, वय, तारीख, वेळ, काय झालं हे सगळं लोक सांगतात, आणि बॅच नंबरपाशी अडकतात. लसीच्या कुपीवर बोटाच्या पेराएवढं लेबल असतं, त्यावर बारीक अक्षरांत तो छापलेला असतो, शेजारी मुदतीची तारीख. काही कुप्यांवर एक जांभळट वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असतो. उन्हाने लस तापली की तो चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळाइतका काळा झाला की कुपी वापरायची नाही.

बॅच नंबर नसेल तर बाळाला काय झालं हे कळतं, पण त्याच खोक्यातल्या इतर कुप्या कुठे गेल्या ते शोधता येत नाही. मी कित्येक ममता कार्डं पाहिली आहेत, तारखा सुवाच्य आणि बॅचची जागा कोरी. गर्दीच्या बुधवारी माझ्या हातूनही ती कोरी राहिली आहे. त्यानंतर एका बाळाला आकडी आली आणि जिल्ह्यावरून फोन आला, ‘बाई, कुठली बॅच?’ मला सांगता आलं नाही. साठ्याचं रजिस्टर काढून आम्ही दोन बॅचपर्यंत आलो, पण त्यातली नेमकी कुठली ते ठरवताच आलं नाही. बाळ बरं झालं. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक आईला सांगत आले, लस टोचण्याआधी मोबाईलवर कुपीचा फोटो काढा. कोणी हसलं तरी काढा.

८. डॉक्टर म्हणाले ‘होतं असं’ आणि विषय संपवला. मी स्वतः कळवू शकते का?

हो. पीव्हीपीआयची मोफत हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ ही आहे. रुग्णांसाठीचा त्यांचा फॉर्म मराठीतही मिळतो. मेडिकल कॉलेजमधल्या फार्माकॉलॉजी विभागात अशा नोंदी घेतल्या जातात, म्हणून सयाजी हॉस्पिटलला जाणं होणार असेल तर तिथेही चौकशी करा. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीकरणाबद्दलच्या जेकब पुलियल खटल्याच्या निकालात सरकारला सांगितलं की सामान्य नागरिक आणि खासगी डॉक्टर यांनाही कळवता येईल आणि सर्वांना पाहता येईल अशी ऑनलाइन सोय करा, रुग्णांची गोपनीयता सांभाळून.

माझ्या भाचीचं बाळ एका खासगी दवाखान्यात लस घेतल्यावर चार तास रडत होतं. तिथे तिला ‘पहिलटकरणींना असंच वाटतं’ असं ऐकवलं गेलं. ती गप्प बसली. मला आठ दिवसांनी कळलं, मग आम्ही नोंदवलं. डॉक्टरांची भीती मला समजते. त्यांना वाटतं की कळवलं म्हणजे चूक कबूल केली. पण तसं नाही. फॉर्मवरच छापलेलं असतं की नोंद ही कबुली धरली जाणार नाही आणि रुग्णाची ओळख गुप्त राहील. हेही लक्षात ठेवा की नोंद म्हणजे नुकसानभरपाईचा अर्ज नव्हे. त्याची वाट वेगळी आहे.

९. कळवल्यावर पुढे काय होतं? कोणी बघतं तरी का?

गंभीर घटना असेल तर पहिला फॉर्म ४८ तासांत वर जायला हवा, प्राथमिक चौकशी १० दिवसांत आणि अंतिम चौकशी ७० दिवसांत. त्यानंतर राज्याची आणि केंद्राची समिती कारण ठरवते. त्यात बालरोगतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट असतात. निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत बसवला जातो: लसीच्या गुणधर्माने झालं, लसीच्या दर्जातल्या दोषाने, देण्यातल्या चुकीने, सुईच्या भीतीने, योगायोगाने, पुरावा अपुरा म्हणून सांगता येत नाही, किंवा माहितीच नाही म्हणून वर्गवारी होत नाही.

मुदती पाळल्या जातात का? कायम नाही. कागद हॉस्पिटलमधून सुटत नाहीत, केस पेपर हरवतो. आणि माझी मोठी तक्रार ही आहे की निकाल बहुतेकदा आईवडिलांपर्यंत पोहोचतच नाही. ज्या घरातून माहिती घेतली, त्या घराला उत्तर द्यायला हवं. तुम्ही नोंद केली असेल तर तीन-चार महिन्यांनी लसीकरण अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करा.

१०. आपल्या बडोदा जिल्ह्यातच एचपीव्ही लसीने मुली गेल्या होत्या. मग विश्वास कसा ठेवायचा?

हा प्रश्न बडोद्याबाहेर मला क्वचितच येतो, इथे मात्र पंधरा वर्षं येतोय. म्हणून नीट सांगते. २००९ मध्ये पाथ या अमेरिकन संस्थेने आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि राज्य सरकारांबरोबर गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा प्रकल्प दोन जिल्ह्यांत चालवला. तेव्हाच्या आंध्रातला (आता तेलंगणातला) खम्मम आणि आपला बडोदा. आपल्याकडे डभोई, शिनोर आणि कवांट हे तालुके होते. कवांट आता छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. सात मुलींचे मृत्यू झाले, पाच तिकडे, दोन इकडे. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला.

सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने तपास केला. पाण्यात बुडणं, कीटकनाशक पोटात जाणं, सर्पदंश, मलेरिया अशी कारणं पुढे आली, आणि मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही असा निष्कर्ष निघाला. जगभर कोट्यवधी मुलींना ही लस दिली गेली आहे, आणि तिच्याबद्दल आज जे ठाऊक आहे त्याच्याशी तो जुळतो. माझ्या दोन्ही भाच्यांना मी स्वतः ती घ्यायला लावली.

पण गोष्ट इथे संपत नाही. संमतीच्या कागदांवर कित्येक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. दुष्परिणाम टिपण्याची व्यवस्था ढिली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या ७२व्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलीची नीट नोंद असती, आणि गावात जाऊन त्या आईवडिलांना तपासाचं उत्तर सांगितलं गेलं असतं, तर डभोईतली बाई आजही मला हा प्रश्न विचारत बसली नसती. लस निर्दोष असली तरी मोडक्या नोंदवहीमुळे तिच्यावरचा संशय फिटत नाही.

११. नवरात्रात गरबा खेळताना तरुण पोरं कोसळली. ती कोविडच्या लसीमुळेच ना?

२०२३ च्या नवरात्रानंतर हे बडोद्यात प्रत्येक सोसायटीत बोललं गेलं. अशा प्रश्नाचं उत्तर नोंदवहीत मिळत नाही, कारण तिथे फक्त लस घेतलेले असतात. ज्यांना काही झालं नाही, त्यांच्याशी तुलना करावी लागते. आयसीएमआरने ती केली. ४७ हॉस्पिटलांतून, १८ ते ४५ वयाच्या अचानक मरण पावलेल्या ७२९ जणांची तुलना त्याच वयाच्या, त्याच परिसरातल्या २,९१६ जणांशी. लसीने धोका वाढलेला आढळला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. वाढलेला दिसला तो कोविडसाठी दवाखान्यात भरती झालेल्यांत, घरात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांत, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत आणि अति श्रम केलेल्यांत.

१२. नोंदींमुळे खरोखर कधी एखादी लस बंद झाली का?

झाली. रोटाशील्ड ही जुलाबावरची लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाली. पुढच्या जुलैपर्यंत आतड्यात आतडं अडकल्याच्या पंधरा नोंदी व्हेअर्समध्ये आल्या. वापर थांबवला, अभ्यास केला, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये लस मागे घेतली. धोका सुमारे दहा हजारांत एक होता. इतका विरळ धोका मंजुरीआधीच्या छोट्या चाचण्यांत सापडत नाही. म्हणून त्यानंतर आलेल्या दोन रोटाव्हायरस लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांवर बाळांवर झाल्या. आपल्याकडे रोटाव्हॅक ही भारतीय रोटाव्हायरस लस आल्यावर २७ हॉस्पिटलांत अशा प्रत्येक बाळाचा शोध घेतला गेला, कोणी कळवण्याची वाट न पाहता. धोका वाढलेला दिसला नाही. माझ्या मते विश्वास असाच कमवावा लागतो.

१३. लस चांगली, पण देणाऱ्याची चूक झाली, तर ते पकडलं जातं का?

लवकर कळवलं तर जातं. सामोआमध्ये २०१८ साली गोवराच्या लसीची भुकटी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात मिसळली गेली आणि दोन बाळं दगावली. लसीत दोष नव्हता. पण लसीकरण थांबलं, लोक घाबरले, आणि २०१९ च्या साथीत गोवराने ८३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. एका केंद्रावर एकाच सत्रात अनेकांना त्रास होणं ही अशा चुकीची पहिली खूण असते.

१४. शाळेत लस देताना एकामागून एक दहा मुली चक्कर येऊन पडल्या. हे काय असतं?

बहुतेकदा सुईची भीती, रिकामं पोट आणि शेजारणीला पडताना पाहणं. याला वर्गवारीत स्वतंत्र जागा आहे. मुली नाटक करतात असं म्हणू नका, त्यांचा रक्तदाब खरोखर घसरलेला असतो. पण तपासल्याशिवाय ‘भीतीच असणार’ असंही ठरवू नका. नोंद करा, कुप्या बाजूला ठेवा.

१५. लस पुण्यात आजोळी घेतली, त्रास बडोद्यात आल्यावर झाला. कळवायचं कुठे?

जिथे त्रास लक्षात आला तिथे. पुढचा पत्रव्यवहार जिल्हे आपसात करतात. मात्र पुण्याच्या केंद्राचं नाव आणि बॅच तुम्हालाच द्यावी लागेल (प्रश्न ७).

१६. बाळ लसीनंतर दुसऱ्या दिवशी गेलं. घरच्यांनी पोस्टमार्टेम नको म्हटलं. आता काही कळू शकेल का?

हे लिहिताना हात थांबतो. तान्ह्या बाळावर सुरी चालवायला कोणतं घर तयार होईल? आणि तरी, शवविच्छेदन नसेल तर पुष्कळ मृत्यू ‘वर्गवारी करता येत नाही’ या रकान्यात जातात. यंत्रणेचा हा सर्वांत दुबळा भाग आहे. तरीही नोंद जरूर करा. अधिकारी घरी येऊन आईला, आजीला तपशीलवार विचारतात: शेवटचं दूध कधी घेतलं, कुशीत कसं झोपवलं होतं, रंग कधी बदलला, आधी सर्दी होती का. त्याला तोंडी शवविच्छेदन म्हणतात, आणि त्यातूनही कारण सापडू शकतं. त्याच सत्रात लस घेतलेल्या इतर बाळांना भेटूनही बरंच कळतं. घरी चौकशीला माणूस येईल तेव्हा आईशेजारी तिची आई किंवा बहीण बसलेली असू द्या, आणि बाळाचं कार्ड जपून ठेवलेलं असू द्या.